डंपस्टर रस्त्यावर ठेवायचा तर कोणाला विचारायचे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: न्यू जर्सीतील मिडलसेक्स काउंटीत राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे घर १९६०च्या दशकात बांधलेले, स्प्लिट-लेव्हल पद्धतीचे आहे. येत्या उन्हाळ्यात त्यांचे सासू-सासरे साताऱ्याहून मोठ्या मुक्कामासाठी येणार आहेत. त्यांना जिने चढावे लागू नयेत म्हणून खालच्या मजल्यावर त्यांच्यासाठी झोपण्याची खोली आणि न्हाणीघर तयार करायचे आहे. जुने कार्पेट, त्याखालच्या फरशा, भिंतींवरचे लाकडी पॅनेल, टब आणि वर्षानुवर्षे साठलेले सामान बाहेर काढण्यासाठी भाड्याचा डंपस्टर, म्हणजे राडारोड्याचा मोठा लोखंडी डबा, लागणार आहे. ड्राइव्हवे (घरासमोरची गाडी लावायची वाट) आखूड असल्याने कॉन्ट्रॅक्टर म्हणतो की वीस यार्डांचा (म्हणजे वीस घनयार्ड माल मावणारा) डंपस्टर घरासमोर रस्त्यावर ठेवू, परवाना वगैरे कोणी विचारत नाही, आणि विचारलेच तर ‘मी बघून घेतो’. टाउनशिपकडे, म्हणजे गावाच्या नगरपालिकेकडे, जाऊच नये असे यजमानांचेही मत आहे; एकदा तिथे नाव गेले की इन्स्पेक्टर घरात येतील, पूर्वीच्या मालकाने खाली केलेल्या बाथरूमची कागदपत्रे मागतील आणि प्रॉपर्टी टॅक्स वाढेल, अशी त्यांना भीती वाटते. समोरच्या शेजाऱ्यांनी मागे गणपतीत रस्त्यावर लावलेल्या पाहुण्यांच्या गाड्यांबद्दल तक्रार केली होती, त्यामुळे आताही ते गप्प बसणार नाहीत अशी धास्ती आहे. शेजारच्या गावातील मैत्रीण म्हणते की परवाना लागत नाही. बॉस्टनजवळ राहणारा भाऊ म्हणतो की अग्निशमन विभागाचीसुद्धा परवानगी लागते. ‘आम्ही परवानगी मागावी का, कोणाकडे मागावी, आणि मागितल्यावर नाही म्हणाले तर काय करावे?’ असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर:

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. डंपस्टर रस्त्यावर ठेवायचा असेल तर तो येण्यापूर्वी टाउनशिपला विचारा आणि परवाना लागत असेल तर तो घ्या. तो पूर्णपणे तुमच्या स्वतःच्या ड्राइव्हवेवर मावत असेल तर बहुतेक गावांत परवाना लागत नाही; तरीही काही गावे खासगी जागेतल्या डंपस्टरसाठीही झोनिंग (जमिनीच्या वापराचे नियम पाहणाऱ्या) विभागाची परवानगी मागतात किंवा तो किती दिवस ठेवता येईल यावर मर्यादा घालतात, म्हणून एक फोन तेव्हाही करावा. या फरकामागचे कारण लक्षात घेतले तर पुढचा बराच गोंधळ आपोआप कमी होतो. घरातले सामान टाकून देण्यासाठी कोणी तुमच्याकडे परवाना मागत नाही. सर्वांच्या मालकीची जागा तुम्ही काही दिवस एकट्यासाठी अडवणार असता, तिचा हा परवाना असतो. त्यामुळे डंपस्टर आणायचा की नाही याआधी तो नेमका कोणाच्या जागेवर उभा राहणार, हे पाहावे लागते.

ही जागा ओळखताना अनेकांची एक चूक होते. ड्राइव्हवे रस्त्याच्या कडेपर्यंत आपलाच आहे असे आपण धरून चालतो, पण फुटपाथ आणि रस्त्याची कड यांच्यामधला तुकडा, त्यावर डांबर तुम्ही स्वतःच्या खर्चाने घातलेले असले तरी, सहसा सार्वजनिक हद्दीत मोडतो. घर घेताना क्लोजिंगच्या (खरेदीचा व्यवहार पुरा होण्याच्या) वेळी सर्व्हेचा, म्हणजे मोजणीचा, नकाशा मिळाला असेल तर तो बाहेर काढा. त्यावर तुमच्या जमिनीची सीमा स्पष्ट दिसेल. डंपस्टरचे टोक फुटपाथवर येत असेल तर तो ‘ड्राइव्हवेवर’ ठेवला आहे असे म्हणून चालणार नाही, कारण फुटपाथ अडवणे हा स्वतंत्र नियमभंग आहे आणि बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला त्यामुळे रस्त्यावर उतरावे लागते.

आता मैत्रीण आणि भाऊ यांच्या परस्परविरोधी उत्तरांकडे वळू. दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका आहेत आणि डंपस्टरसारख्या बाबतीत प्रत्येकीचा अध्यादेश वेगळा असतो. ओक ट्री रोडवर एडिसनकडून इझलिनकडे जाताना दुकानांच्या पाट्या पाहून गाव बदलल्याचे कळतही नाही, पण एडिसन ही स्वतंत्र टाउनशिप आहे आणि इझलिन हा वुडब्रिज टाउनशिपचा भाग. म्हणजे दोन मैलांवर राहणाऱ्या मैत्रिणीचा अनुभव तुमच्या घराला लागू होईलच असे नाही. शिवाय तिचा डंपस्टर ड्राइव्हवेवर होता की रस्त्यावर, हे तुम्ही तिला विचारले आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो. भावाचे म्हणाल तर मॅसॅच्युसेट्सची रीत वेगळी आहे. तिथल्या अनेक गावांत डंपस्टरकडे पेट घेऊ शकणाऱ्या कचऱ्याचा मोठा साठा म्हणून पाहिले जाते आणि अग्निशमन विभागाचा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. न्यूयॉर्क शहरात रस्त्यावरच्या कंटेनरचा परवाना शहराचा वाहतूक विभाग देतो आणि तो सहसा कंटेनर पुरवणारी कंपनीच काढते. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकाचा सल्ला ऐकून घ्यावा, पण फोन आपल्याच टाउनशिपला करावा.

फोन कोणाला करायचा, ही खरी अडचण आहे, कारण या कामाला सगळीकडे एकच खिडकी नाही. कुठे ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते, कुठे अभियांत्रिकी किंवा झोनिंगकडे, कुठे टाउनशिपच्या क्लार्कच्या, म्हणजे नगरपालिकेच्या सचिवाच्या, कार्यालयात अर्ज द्यावा लागतो, तर कुठे पोलिसांच्या वाहतूक शाखेची सही लागते. तुमचा रस्ता काउंटीच्या ताब्यातला असेल तर टाउनशिप तुम्हाला काउंटीकडे पाठवील. मी क्लार्कच्या कार्यालयापासून सुरुवात करीन, कारण कोणते काम कोणाकडे आहे हे तिथे ठाऊक असते. प्रश्न मात्र नेमका विचारा: ‘अमुक रस्त्यावरच्या घरासमोर, रस्त्याच्या कडेला, साधारण आठवडाभर रोल-ऑफ (ट्रकवरून सरकवून उतरवायचा) डंपस्टर ठेवायचा आहे; परवाना लागतो का, तो घरमालकाने काढायचा की कंपनीने, शुल्क किती, अनामत रक्कम आहे का, विम्याचे प्रमाणपत्र लागते का, आणि अर्ज किती दिवस आधी करावा?’ नुसते ‘डंपस्टरला परमिट लागते का?’ असे विचारले तर पलीकडचा माणूस ड्राइव्हवे गृहीत धरून ‘नाही’ म्हणेल आणि तुम्ही निश्चिंत होऊन चुकीच्या जागी डबा उतरवून घ्याल. उत्तर मिळाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल पाठवून त्याची पुष्टी मागा. बहुतेक टाउनशिपांचे अध्यादेश ऑनलाइन शोधता येतात. तिथे ‘डंपस्टर’ या शब्दाने काही सापडले नाही तर ‘कंटेनर’, ‘रोल-ऑफ’ आणि रस्त्यावरच्या अडथळ्यांविषयीचे प्रकरण पाहा, कारण जुन्या अध्यादेशांत हा विषय त्या नावांखाली दडलेला असतो.

यजमानांच्या भीतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रातला खरा पेच तिथे आहे असे मला वाटते. त्यांच्या मनात दोन वेगळे परवाने एकत्र झाले आहेत. रस्त्यावर डंपस्टर ठेवण्याचा परवाना देणाऱ्याला तुमच्या रस्त्याची रुंदी, वळणाचे अंतर आणि तारखा यांच्याशी कर्तव्य असते. त्यासाठी कोणी खालच्या मजल्यावरचे बाथरूम पाहायला येत नाही. घराच्या आत जे काम करणार आहात त्याचा बांधकाम परवाना हा दुसरा परवाना, तो राज्याच्या एकसमान बांधकाम संहितेखाली येतो, आणि इन्स्पेक्टर येतात ते त्याच्यासाठी. डंपस्टरचा परवाना टाळला म्हणून दुसऱ्या परवान्याची गरज टळत नाही. उलट बावीस फुटी लोखंडी डबा घरासमोर आठवडाभर उभा राहिला की आत मोठे काम चालले आहे हे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला कळते, आणि त्यात टाउनशिपची गाडी चालवणारेही आले.

मग आतल्या कामाला परवाना लागेल का? न्यू जर्सीत एक-दोन कुटुंबांच्या घरांतली काही कामे साधी देखभाल मानली जातात आणि त्यांना परवाना लागत नाही. जुन्या नळजोडण्या जशाच्या तशा ठेवून टबाच्या जागी टब किंवा कमोडच्या जागी कमोड बसवणे हे त्यातले एक. पण पाइप हलवायचे असतील, नवी वायरिंग करायची असेल, मोकळ्या जागेची झोपण्याची खोली करायची असेल, तर परवाना लागतो. तुमचे वर्णन वाचता ते या दुसऱ्या प्रकारात मोडते. आणि इथे मी टॅक्सपेक्षा सासू-सासऱ्यांचा विचार आधी करीन. खालच्या मजल्यावर रात्री झोपणाऱ्या वयस्कर माणसांना आग लागल्यास थेट बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा दार हवे, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी यंत्रे हवीत, हे पाहण्यासाठीच तो इन्स्पेक्टर येत असतो. त्याला घरात येऊ न देण्याची धडपड आपण कोणासाठी करतो आहोत, हा प्रश्न यजमानांसमोर शांतपणे ठेवून पाहा. सुधारणेमुळे घराची किंमत वाढली तर प्रॉपर्टी टॅक्ससाठीचे मूल्यांकन वाढू शकते, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. बांधकाम परवान्याची माहिती मूल्यांकन विभागाकडे जाते आणि काम पूर्ण झाल्यावर वाढीव मूल्यांकनाचे बिल येऊ शकते. पण तो खर्च कामाच्या अंदाजपत्रकात धरायचा असतो. परवान्याविना केलेले काम घर विकताना वर येते, आणि तेव्हा खरेदीदाराचा वकील घाईत असतो व सवलत मागण्याच्या मनःस्थितीत असतो.

जुन्या बाथरूमची कागदपत्रे नाहीत, हे तुम्ही तपासले आहे की पूर्वीच्या मालकाने काही दिले नाही म्हणून तसे धरले आहे? टाउनशिपच्या बांधकाम कार्यालयात प्रत्येक घराची फाइल ब्लॉक आणि लॉट क्रमांकाप्रमाणे असते, आणि सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली, ज्याला तिकडे ओप्रा म्हणतात, तुम्ही क्लार्ककडे अर्ज करून ती मागवू शकता. उत्तर साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांत द्यावे लागते. कदाचित त्या फाइलमध्ये जुना परवाना सापडेल आणि इतकी वर्षे बाळगलेली काळजी फुकट गेल्याचे कळेल. सापडला नाही, तर झालेल्या कामाला नंतर परवाना घेण्याचा मार्ग आहे. तो कटकटीचा आहे, भिंतीचा काही भाग उघडावा लागू शकतो, पण तुम्ही तशीही ती भिंत उघडणारच आहात, मग यापेक्षा चांगली वेळ कोणती?

कॉन्ट्रॅक्टरच्या ‘मी बघून घेतो’ या वाक्याबद्दल माझे मत कडक आहे. तो नेमके काय बघून घेणार, हे कागदावर यायला हवे. न्यू जर्सीत ५०० डॉलरपेक्षा मोठ्या किमतीच्या घरदुरुस्तीचा करार लेखी असावा लागतो आणि अशी कामे करणाऱ्याला राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे नोंदणी करावी लागते. त्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘१३व्हीएच’ या अक्षरांनी होते आणि तो ऑनलाइन तपासता येतो. डंपस्टर कोण मागवणार, परवाना कोणाच्या नावाने निघणार, शुल्क कोण भरणार, दंड झाला किंवा कोणाच्या गाडीला नुकसान झाले तर जबाबदारी कोणाची, जादा वजनाचे आणि जादा दिवसांचे पैसे कोणाच्या खात्यावर, या गोष्टी करारात एकेका वाक्यात लिहून घ्या. एवढे लिहायला जो खळखळ करतो, तो अडचणीच्या वेळी काय बघून घेणार याची कल्पना तुम्हाला येईल. डंपस्टर पुरवणाऱ्या कंपनीचीही चौकशी करा. घनकचरा वाहून नेण्याचा धंदा करणाऱ्यांना न्यू जर्सीत राज्याच्या पर्यावरण विभागाकडून ए-९०१ परवाना घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मालकांची पार्श्वभूमी तपासली जाते. स्वस्तात डबा देणारा आणि परवान्याचा क्रमांक विचारताच विषय बदलणारा माणूस तुमचा राडारोडा कुठल्या रानात नेऊन ओतील, सांगता येत नाही. नीट कंपन्यांना मात्र तुमच्या परिसरातल्या टाउनशिपांचे नियम चांगले माहीत असतात. कित्येक वेळा त्या परवान्याचा अर्ज स्वतःच करतात किंवा टाउनशिपला हवे असलेले विम्याचे प्रमाणपत्र थेट पाठवतात. रस्त्यावरच्या परवान्यासाठी ते प्रमाणपत्र लागले तर ते घरमालकापेक्षा कंपनीकडून येणे सोपे असते.

पण मुळात रस्ता हवाच आहे का? वीस यार्डांचा डंपस्टर कॉन्ट्रॅक्टरने सुचवला म्हणून तुम्ही तो धरून चालला आहात. तो साधारण बावीस फूट लांब आणि आठ फूट रुंद असतो. दहा यार्डांचा बारा ते चौदा फुटांचा असतो आणि आखूड ड्राइव्हवेवरही बऱ्याचदा बसतो. टेप घेऊन गॅरेजच्या दारापासून फुटपाथच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर आजच मोजा. लहान डबा भरला की बदलून घ्यायचा, असे दोनदा केले तर भाडे थोडे वाढेल, पण रस्त्याचा परवाना, अनामत आणि शेजाऱ्यांची धास्ती हे तिन्ही एकदम सुटेल. फरशा, सिमेंट, विटा असा जड माल असेल तर लहान डबाच योग्य, कारण करारात टनांची मर्यादा असते, अमेरिकी टन २,००० पौंडांचा असतो, आणि वीस यार्ड काठोकाठ फरशांनी भरले तर ट्रकला ते उचलणे कठीण जाते आणि तुम्हाला जादा वजनाचे बिल येते. डबा ड्राइव्हवेवर ठेवताना त्याच्या चाकांखाली जाड फळ्या घालायला सांगा. उन्हाळ्यात तापलेले डांबर मऊ होते आणि लोखंडी चाके त्यात रुततात. ट्रकला डबा उतरवायला समोर सरळ मोकळी जागा लागते, साधारण साठ फूट, आणि वरून विजेच्या तारा किंवा झाडाच्या फांद्या गेलेल्या असतील तर त्या आधी कंपनीला दाखवा. उतार जास्त असेल तर कंपनी नकार देऊ शकते. तेवढ्यासाठी फोटो पाठवून ठेवा.

ड्राइव्हवे अजिबातच जमत नसेल तर आणखी काही वाटा आहेत. काही कंपन्या डबा घेऊन येतात, तुम्ही आणि कॉन्ट्रॅक्टरची माणसे तासा-दोन तासांत तो भरता आणि ट्रक तो तसाच घेऊन जातो. डबा मुक्कामाला राहत नाही, म्हणून काही ठिकाणी त्याला परवाना लागत नाही, तरी टाउनशिपला विचारून घ्यावे. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत तीन घनयार्डांची कचऱ्याची मजबूत पिशवी मिळते, ती अंगणात भरून ठेवली की कंपनी उचलून नेते. एका न्हाणीघराचा माल तिच्यात मावू शकतो, पूर्ण मजल्याचा मावणार नाही. टाउनशिपची मोठ्या वस्तूंची उचल असेल तर तिचे वेळापत्रक पाहा. सोफा आणि गाद्या डंपस्टरमध्ये जागा खातात, त्या तिकडे जाऊ द्या.

हे सगळे पाहूनही रस्त्यावरच ठेवायचे ठरले तर जागा अशी निवडा की परवाना देणाऱ्याला ‘नाही’ म्हणायला कारण उरू नये. न्यू जर्सीच्या वाहतूक कायद्यात गाडी उभी करण्यासाठीची अंतरे दिलेली आहेत: फायर हायड्रंटपासून १० फूट, चौकातल्या पादचारी मार्गापासून २५ फूट, स्टॉपच्या पाटीपासून ५० फूट. डंपस्टर गाडीपेक्षा रुंद आणि अंधारात दिसायला कठीण असतो, त्यामुळे यापेक्षा जवळ त्याला जागा मिळणार नाही हे गृहीत धरा. रस्ता इतका अरुंद असेल की समोरच्या बाजूला गाडी उभी राहिल्यावर अग्निशमनाचा बंब जाऊ शकणार नाही, तर नकार येईल आणि तो योग्यच असेल. डब्याच्या चारही कोपऱ्यांना परावर्तक पट्ट्या, रात्री चमकणारे दिवे किंवा शंकू ठेवायला सांगितले जाऊ शकते. ते कंपनी देणार की तुम्ही आणायचे, हे ठरवून घ्या. परवान्याची प्रत डब्यावर किंवा खिडकीत बाहेरून दिसेल अशी लावा. आणि तारखा मागताना डबा येण्याचा व काम संपण्याचा दिवस एवढेच न धरता, कंपनीला उचलायला उशीर होईल हे धरून दोन-तीन दिवस जास्त मागा. सुट्टीला लागून काम संपले की उशीर होतोच. डबा रस्त्यावर आणि परवाना संपलेला, अशा स्थितीत दंड होऊ शकतो आणि त्यात चूक कंपनीची असली तरी पावती परवानाधारकाच्या नावाने फाटते. हेच काम कोणी हिवाळ्यात करणार असेल तर हिमवादळाच्या आणीबाणीत रस्ता मोकळा करण्याचा आदेश निघतो, हेही कंपनीशी आधी बोलून ठेवावे.

टाउनशिप ‘नाही’ म्हणाली तर? नकार सहसा जागेला असतो, माणसाला नसतो. ‘मग कुठे चालेल, किती लहान चालेल, किती दिवस चालेल?’ असे लगेच विचारा. कदाचित तुमच्या घराच्या दुसऱ्या बाजूचा रस्ता चालेल, कदाचित दहा यार्डांचा डबा चालेल, कदाचित फक्त कामाच्या दिवसांपुरता चालेल. विचारले नसते तर आपण मोकळे राहिलो असतो, असे यजमान तेव्हा म्हणतील. पण तुम्ही विचारले नाही म्हणून ती जागा सुरक्षित झाली नसती.

समोरच्या शेजाऱ्यांबद्दल मला तुमच्याइतकी खात्री नाही. त्यांनी गणपतीत गाड्यांबद्दल तक्रार केली, ती आपल्या सणाबद्दल होती की त्यांचा ड्राइव्हवे अडला म्हणून होती, हे पत्रातून कळत नाही, आणि बहुधा तुम्हालाही नक्की माहीत नसावे. परक्या देशात इतकी वर्षे काढल्यावर अशा तक्रारीत आपण आपल्या वेगळेपणाचे कारण शोधतो. कधी ते खरे असते, म्हणून मी ते झटकून टाकत नाही. पण डंपस्टरच्या बाबतीत हेतू काहीही असला तरी उपाय तोच आहे. आठवडाभर आधी त्यांच्या दारी जाऊन तारखा सांगा, डबा कुठे राहील ते दाखवा, त्यांना गाडी काढताना त्रास होईल का विचारा आणि आपला फोन नंबर द्या. तक्रार झालीच तर येणारा अधिकारी पहिल्यांदा परवाना मागेल. तो डब्यावर लावलेला असेल तर बोलणे तिथेच संपते. परवाना नसेल तर मात्र शेजाऱ्याचा हेतू कितीही वाईट असला तरी त्याची तक्रार खरी ठरेल.

आता डब्यात काय टाकायचे नाही, याकडे वळू, कारण परवाना हातात असूनही इथे लोक अडकतात. तुमचे घर १९६०च्या दशकातले आहे आणि कार्पेटखाली फरशा आहेत. त्या नऊ इंचांच्या चौरस असतील तर त्यांच्यात किंवा त्यांच्या काळ्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी आहे. त्या उचकटण्यापूर्वी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या; अ‍ॅस्बेस्टॉस असलेला माल साध्या डंपस्टरमध्ये चालत नाही. १९७८पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो, म्हणून अशा घरात पैसे घेऊन तोडफोड करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०१०पासून लागू असलेल्या नियमानुसार त्याचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागते. तेही मागून पाहा. टीव्ही, संगणक, मॉनिटर न्यू जर्सीत १ जानेवारी २०११पासून कचऱ्यात टाकता येत नाहीत, ते इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या संकलन केंद्रावर न्यावे लागतात. जुन्या फ्रिजमधला वायू आधी काढून घ्यावा लागतो. ओला रंग, बॅटऱ्या, रसायने काउंटीच्या घातक कचरा संकलनाच्या दिवशी द्या. इतक्या वर्षांच्या सामानातल्या, कधीच न उघडलेल्या, भारतातून आणलेल्या त्या बॅगा डंपस्टर येण्याआधी उघडा, कारण तो दारात आला की घरातल्या सगळ्यांच्या अंगात टाकून देण्याचा उत्साह संचारतो आणि सासूबाईंनी दिलेले पितळी डबे कार्पेटबरोबर निघून जातात. चांगली कपाटे, दारे, सिंक हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या सेवाभावी संस्थेच्या रीस्टोअर या दुकानात दान देता येतात, आणि तेवढा डबा लहान पुरतो.

टाउनहाऊस किंवा काँडोमध्ये राहणाऱ्या वाचकांनी टाउनशिपच्याही आधी आपल्या असोसिएशनला (रहिवासी-मालकांच्या संस्थेला) विचारावे. तिथले रस्ते बऱ्याचदा असोसिएशनच्या मालकीचे असतात, ड्राइव्हवेही सामाईक मालकीचा असू शकतो, आणि टाउनशिपने हो म्हटले तरी असोसिएशन दंड लावू शकते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाची लेखी संमती घ्यावी, कारण परवान्याच्या अर्जावर मालकाची सही मागितली जाऊ शकते.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: या आठवड्यात ड्राइव्हवे मोजा आणि क्लार्कला फोन करा, त्याच फेरीत घराची फाइल मागवा, फरशीचा नमुना पाठवा, आणि ही उत्तरे हाती आल्यावरच कॉन्ट्रॅक्टरच्या करारावर सही करा. डबा रिकामा उतरतो तेव्हा ड्राइव्हवेचे किंवा रस्त्याच्या कडेचे फोटो काढा, तो उचलल्यावर पुन्हा काढा. अनामत परत मिळवताना ते लागतील. डबा रात्री ताडपत्रीने झाका, नाहीतर सकाळी त्यात कोणाची तरी गादी आणि दोन टायर सापडतील आणि टायरचे वेगळे पैसे तुम्हाला भरावे लागतील. शेवटचे बिल चुकते करण्यापूर्वी कंपनीकडून वजनकाट्याची पावती मागून घ्या आणि तिच्यावरचे टन करारातल्या टनांशी ताडून पाहा.